काढलेली बाटली

१

कारखान्यात तिला सगळे घार म्हणत. नाक बाकदार नव्हतं, आवाज चिरका नव्हता. नाव पडलं होतं ते केवळ नजरेवरून. काचेच्या बाटलीला केसाएवढा तडा असो नाहीतर बुडाशी मोहरीएवढा बुडबुडा, घारीच्या खिडकीसमोरून तो सुटला असं कधी झालं नव्हतं.

खिडकी म्हणजे भिंतीतली खिडकी नव्हे. पट्ट्यामागे एक दुधी काच उभी केलेली होती आणि तिच्यामागे दिवे. भट्टीतून निघालेल्या बाटल्या एका लांबलचक बोगद्यात सावकाश निवत, आणि मग एकामागून एक अंधारातून त्या उजेडासमोर येत. क्षणभर त्यांचं सगळं अंतरंग दिसे, की लगेच पुढे पॅकिंगकडे. समोर स्टुलावर बसायचं आणि बघायचं. खोट दिसली की अंगठा आणि दोन बोटांनी बाटलीची मान धरायची, मनगटाला जरासा पीळ द्यायचा आणि उजवीकडच्या पन्हळीत सोडायची. खाली हौदात ती फुटे. फुटकी काच पुन्हा भट्टीत जाई, म्हणून वाया काही जात नाही, असं तिथे सगळेच एकमेकांना सांगत.

या कामाचा नियम एकच, आणि फोरमन तो नव्या बाईला नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांगे. "काढलेली बाटली परत पट्ट्यावर ठेवायची नाही. चांगली असली तरी नाही. एकदा परत ठेवलीस ना, की तू विचार करायला लागशील. विचार करणारा हात मंद होतो."

घारीचा हात विचार करत नव्हता, हे खरंच होतं. इतक्या वर्षांनंतर ती स्टुलावर बसून मुलीच्या गणवेशाची उसवलेली शिवण, संध्याकाळची भाजी, नवऱ्याचा खोकला असलं काहीबाही मनात घोळवत असे, आणि हात आपला चाकरी बजावत असे. कानही तयार झाले होते. तडा जाण्याआधी काच कधीकधी अगदी बारीक आवाज करते. टिक्. नखावर नख वाजवावं तेवढाच. पट्ट्याच्या खडखडाटात तो दुसऱ्या कुणाला ऐकू येत नसे.

त्या दिवशी सकाळी ती शिवणीचाच विचार करत होती. हात उठला, मान धरली, पीळ दिला, सोडली. आणि मग तिच्या लक्षात आलं की हात खिडकीपुढे गेलाच नव्हता. तो अलीकडे गेला होता, बोगद्याच्या तोंडाशी, जिथे अजून अंधार होता. तिथली बाटली तिला दिसलेलीच नव्हती.

पुन्हा तसंच झालं तेव्हा तिने बाटली सोडली नाही. उजेडापुढे धरून फिरवून पाहिली. स्वच्छ होती. तडा नाही, बुडबुडा नाही, वाकडेपणा नाही. हात चुकला म्हणायचा, असं ती मनाशी म्हणते न म्हणते तोच टिक् झालं, आणि तिच्या डोळ्यांदेखत मानेपासून खांद्यापर्यंत एक बारीक रेघ उतरली.

तिला आधी अभिमानच वाटला, हे सांगायला हवं. हात इतका तरबेज झाला की काचेच्याही आधी त्याला कळतं! भीती नंतर आली, डब्याच्या सुट्टीत हात धुताना. नळाखालचा उजवा हात तिला थोडा लांबचा वाटला, पाहुणा आल्यासारखा.

२

घारीचा नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा. बाजारपेठेच्या टोकाला एक खोलीचं दुकान, त्यात टांगलेली पारडी, उघडी पडलेली यंत्रं आणि सदैव चाललेली त्याची बडबड. माणूस लाखमोलाचा, पण कुठल्याही गोष्टीची मस्करी केल्याशिवाय त्याला घास गिळवत नसे. मुलीला तो मुंगी म्हणे, कारण ती जन्मली तेव्हा तळहातावर मावेल एवढीशी होती. आता ती आठ वर्षांची होती, घरभर धावायची, आणि सांडलेली साखर शोधून काढण्यात वाकबगार होती. त्यामुळे नाव टिकून राहिलं.

"हाताला आधी कळतं?" तो जेवता जेवता म्हणाला. "मग त्याचाच वेगळा पगार माग. एका नोकरीत दोन माणसं राबतायत."

"थट्टा नको. मी पाहिलीच नव्हती ती बाटली."

"पाहिली असशील. अगं, काटा कसा चालतो? तू दाणे टाकत जातेस. काटा डुगडुगतो, इकडे जाऊ की तिकडे जाऊ करतो. तुला वाटतं अजून काही झालंच नाही. पण आत भार जमतच असतो. मग शेवटचा एक दाणा पडतो आणि काटा झुकतो. तुझ्या डोळ्यांनी दाणे टाकले असणार. तुला झुकलेलाच काटा दिसला, एवढंच."

"आणि दाणे टाकायच्या आधीच काटा झुकला तर?"

"तर काटा बिघडलाय," तो म्हणाला. "माझ्याकडे आण, दुरुस्त करून देतो. घरच्या माणसाला सूट."

मुंगी खुदकन हसली. घारही हसली. पाण्याचा पेला उचलायला तिने उजवा हात पुढे केला, आणि का कोण जाणे, डावा वापरला.

३

पुढच्या आठवड्यात विद्यापीठातून एक बाई कारखान्यात आल्या. चष्मा, पाठीला पिशवी, वागायला साध्या. कामगारांनी लगेच त्यांचं नाव प्रयोगबाई ठेवलं. डोळ्यांना दिसलेलं हाताच्या हालचालीपर्यंत कसं पोचतं याचा त्या अभ्यास करत होत्या, आणि तपासणीच्या बायकांसारखे हात त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार? फोरमनने अर्थातच घारीला पुढे केलं.

कँटीनशेजारच्या सामानाच्या खोलीत टेबलावर संगणक मांडला होता. पडद्यावर पांढरे ठिपके उसळत होते, मुठीने भिरकावलेल्या तांदळासारखे.

"ताई, बहुतेक ठिपके सैरावैरा पळतील," प्रयोगबाई म्हणाल्या. "पण त्यातले थोडे एका बाजूला सरकत असतील, डाव्या नाहीतर उजव्या. कुठल्या बाजूला ते ओळखून त्या बाजूचं बटण दाबायचं. घाई नको. डोळ्यांना हळूहळू पुरावा मिळत जातो. पुरेसा जमला की मेंदू ठरवतो आणि हात हलतो. मी ठरवलं असं जे आपल्याला वाटतं ना, ते खरंतर सगळ्यात शेवटी."

"म्हणजे आम्हाला बातमी मागाहून."

"अगदी तसंच!" त्या खूश झाल्या.

सुरुवात बरी झाली. मग हाताने वेग घेतला. ठिपके उसळायला लागले की बटण, मग उसळता क्षणीच बटण, आणि मग पडदा काळाच असताना बटण. प्रयोगबाई म्हणाल्या, "ताई, आधी दिसू तर द्या." पण उत्तर बरोबर निघालं. त्याच्या पुढचंही. चिठ्ठी उचलल्यासारखी दिशा यंत्र आयत्या वेळी निवडतं, ती आधी कुणालाच ठाऊक नसते, असं त्यांनीच मघाशी सांगितलं होतं. त्यांचा चष्मा हळूहळू पडद्यापासून वळला आणि घारीच्या हातावर येऊन थांबला.

"आता एक वेगळं दाखवते," त्या म्हणाल्या. आवाज जरा कोरडा झाला होता. "यात दिशाच नाही. एकही ठिपका ठरवून कुठे जाणार नाही. तुम्ही नुसतं बघा. दाबू नका काही."

पडद्यावर ठिपके पसरले आणि घुटमळत राहिले. घार नुसती बघत होती. हाताने उजवं बटण दाबलं.

क्षणभर काही झालं नाही. मग काठावरचा एक ठिपका थबकला आणि उजवीकडे वळला. त्याच्या मागून दुसरा. मग एकेक करत सगळेच वळले, आणि मोरीकडे पाणी ओढलं जावं तसे पडद्याच्या उजव्या कडेला वाहत गेले. पडदा रिकामा झाला.

प्रयोगबाईंनी उठून भिंतीतला प्लग उपसला. "यंत्र बिघडलंय," त्या म्हणाल्या. तारा गुंडाळून पिशवीत कोंबल्या. फोरमनने चहा मागवला होता, तो त्यांनी घेतला नाही.

घार मात्र बराच वेळ त्या खोलीत बसून राहिली. आधी कळस मग पाया म्हणतात तसं काहीतरी तिच्यासमोर घडलं होतं. तडा असतो म्हणून हात बाटली काढतो, हे ती आजवर धरून चालली होती. हात काढतो म्हणून तडा जात असेल तर? तिने ते पुढे नेलं नाही. जागेवर जाऊन बसली.

४

विचार करायला लागली की हात मंद होतो म्हणतात. घार विचार करत होती, पण हात काही मंद झाला नाही.

पॅकिंगला एक मावशी होत्या. वयाने सगळ्यांत मोठ्या, अंगाने दणकट, आणि जीभ अशी की फोरमनही त्यांच्या वाटेने जाताना खाली बघून जाई. घारीचं गुपित सांभाळावं तर त्यांनीच.

"मावशी, मी आज एक बाटली परत ठेवणार आहे," घार सुट्टीत म्हणाली. "तिच्या मानेला काजळाचं बोट लावीन. तुमच्याकडे आली की बाजूला ठेवा."

"अगं पण नियम?"

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय."

"मला सांगितलंस म्हणजे कारखान्याला सांगितलंस," मावशी म्हणाल्या, पण डोळा मिचकावून.

दुपारी हाताने अंधारातून एक बाटली काढली. घारीने ती घट्ट धरली, काजळ लावलं, आणि सोडून द्यायला शिवशिवणारा हात दुसऱ्या हाताने दाबून बाटली पुन्हा पट्ट्यावर, होती त्याच जागी, उभी केली. गेली ती पुढे. उजवा हात हवेत तसाच राहिला. बोटं अर्धवट मिटलेली होती. ती जराशी हलली, चाचपल्यासारखी, आणि मग तिच्या मागून येणाऱ्या बाटलीवर पडली. ही बाटली पन्हळीपर्यंतही पोचली नाही. बोटांतच टिक् झालं आणि ती दुभंगली.

काजळाची बाटली मावशींनी पदराखाली लपवून आणून दिली. घारीने ती घरी नेली, त्यात पाणी भरलं आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवली. रोज सकाळी ती उजेडात धरून बघे. काही दिवस गेले, मग आठवडे गेले. बाटली ठणठणीत होती.

५

ते कँटीनच्या रांगेत झालं, भर दुपारी, गर्दीत. मावशी तिच्या पुढे उभ्या होत्या आणि मागे वळून सुनेचं काहीतरी गाऱ्हाणं सांगत होत्या. घार हसत होती. मावशी पुन्हा पुढे वळल्या. अंबाड्याखालची त्यांची मान उघडी होती, घामाने चकाकत होती.

अंगठा आणि दोन बोटं. मनगटाला जरासा पीळ.

मावशी एक पाऊल उजवीकडे सरकल्या आणि रांगेबाहेर उभ्या राहिल्या. "अगं ए! मला काय बाटली समजलीस?" त्या खदखदून हसल्या. सगळी रांग हसली. "नजर गेली वाटतं घारीची. एवढी धडधाकट बाई हिला फुटकी दिसते!"

घारीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मावशी, या ना, पुढे या, तुमच्या जागेवर..."

"राहू दे गं. मी मागे उभी राहते. तेवढीच भूक लागेल." आणि त्या हसत हसत रांगेच्या शेवटी गेल्या.

त्याच आठवड्यात मावशी बसथांब्यावर उभ्या उभ्या कोसळल्या. डोक्यातली शीर फुटली, म्हणाले. आधी कसला त्रास नव्हता, कुणालाही कळण्यासारखं नव्हतं, असं डॉक्टरांनी सुनेला सांगितलं. सून रडत होती. गाऱ्हाणी सगळी जागच्या जागी राहिली. घार अंत्यविधीला गेली तेव्हा तिने उजवा हात शालीत गुंडाळून घेतला होता, आणि ती कुणाच्याही फार जवळ उभी राहिली नाही.

६

तिने रजा टाकली. हात लचकला म्हणून सांगितलं, गळ्यातून फडका बांधून हात त्यात अडकवला. घरातली कामं डाव्या हाताने होतील तशी करू लागली.

नवऱ्यापुढे ती ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार? एका सकाळी, मुंगी शाळेत गेल्यावर, तिने त्याला सगळं सांगितलं. तो पहिल्यांदाच न हसता ऐकत होता.

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते कधीकधी," तो शेवटी म्हणाला.

"एकदा पडते. दरवेळी नाही पडत."

"बरं. मग दुसरं सांगतो. तू इतकी वर्षं खोट बघण्यात घालवलीस. मावशींचं काहीतरी तुझ्या डोळ्यांनी टिपलं असेल. चालताना पाय ओढत असतील, ओठ एका बाजूला वाकत असेल. तुला नाही कळलं, हाताला कळलं. तुझा दोष काय त्यात? उलट उद्या असं कुणाचं वाटलं तर डॉक्टरकडे नेता येईल. जीव वाचेल."

हे तिला पटलं. पटावं अशी तिची फार इच्छा होती, म्हणूनही पटलं असेल. हात जे असतं तेच बघतो. नसलेलं आणत नाही. दिवसभर ती हे घोकत राहिली, आणि प्रत्येक वेळी त्या घोकण्यातून पांढरे ठिपके वर यायचे, एकेक करून वळणारे.

मन चिंती ते वैरी न चिंती. तिने मुंगीला जवळ घेणं बंद केलं. झोपायची जागा बदलली. मुलगी शाळेतून धावत आली की ती ओट्याकडे तोंड करून उभी राही आणि म्हणे, "हातपाय धू आधी." मुंगी बापाकडे बघे. बाप खांदे उडवी.

"आई माझ्यावर रागावलीये?" एकदा तिने त्याला विचारलं.

"नाही गं राणी. आईचा हात दुखतोय."

"मी फुंकर घालू?"

"नको!" घार एवढ्या जोराने ओरडली की पोर भिंतीला टेकली. मग घार मोरीत गेली आणि नळ सोडून रडली.

७

शाळेत स्नेहसंमेलन होतं. मुंगीला दोन घट्ट वेण्या आणि लाल फिती हव्या होत्या, आणि बापाने घातलेली वेणी गल्लीच्या टोकापर्यंतही टिकत नसे. "आई, आजच्या दिवस," ती म्हणाली. तोंड एवढंसं झालं होतं. "तुझा हात दुखला तर हळू घाल, मी रडणार नाही, उशीर झाला तरी चालेल."

किती दिवसांत काही झालं नव्हतं. घारीने फडका सोडला.

स्वयंपाकघरात उजेड चांगला होता. मुंगी पाठमोरी उभी राहिली, खिडकीकडे तोंड करून, एका फरशीवर पाय जुळवून. तिच्या मागे घार. दाराशी नवरा चपला चढवत होता, हातात डबा. घारीने केस वर उचलले, मधोमध भांग पाडला आणि दोन्ही भाग दोन्ही खांद्यांवरून पुढे टाकले. खिडकीतला सकाळचा उजेड पोरीच्या दोन्ही कानांच्या पाळ्यांतून आरपार आला. तिची मान उघडी पडली.

घारीला हात उठताना दिसला. ती नको म्हणाली, मनात म्हणाली की मोठ्याने ते तिलाही कळलं नाही. अंगठा आणि दोन बोटं. जरासा पीळ.

"आई, गुदगुल्या!" म्हणत मुंगी एक पाऊल उजवीकडे सरकली. फरशी रिकामी झाली.

घारीचं डोकं, कधी नव्हे एवढं, स्वच्छ चाललं. डॉक्टरकडे नेता येईल, नवरा म्हणाला होता. काय दाखवणार डॉक्टरला? या पोरीच्या अंगात अजून काहीच नव्हतं. बाटलीतही हात लागेपर्यंत नव्हतं. मग तिची नजर खिडकीत गेली. काजळ लावलेली बाटली पाण्याने भरलेली, उन्हात झगमगत होती. तिला तडा नव्हता. ती परत ठेवली होती, होती त्याच जागी. आणि तिच्या मागून येणारी...

मागे दाराशी नवरा उभा होता.

"तुम्ही बाहेर व्हा."

"अगं, डबा..."

"बाहेर व्हा आधी! दार लावून घ्या!"

इतक्या वर्षांच्या संसारात ती त्याच्याशी असं बोलली नव्हती. तो बाहेर गेला. दाराच्या दुधी काचेमागे त्याची आकृती उभी राहिली, डब्यासकट.

घारीने उजवा हात काखेत दाबला. डाव्या हाताने मुंगीचा खांदा धरला, तिला होती त्या फरशीवर आणलं, पाय जुळवले, तोंड खिडकीकडे केलं. "हलू नकोस. अज्जिबात हलू नकोस."

"आई, काय झालं?"

काखेतला हात सुटला. तो जोर तिच्या अंगातला नव्हता. हवेत वर गेला, बोटं अर्धी मिटलेली, आणि चाचपू लागला. मुंगीच्या डोक्यावरून तो गेला, थांबला नाही. दाराकडे वळला. दुधी काचेमागच्या आकृतीकडे वळला, आणि घारीचा खांदा त्या ओढीने दाराच्या दिशेने फिरला. दारामागे नवरा दोनदा खोकला.

घार आपल्याच हाताच्या आड आली. मान पुढे केली.

"पुढची मी आहे," ती हळू म्हणाली. "मी उभीये ना इथे."

बोटं तिच्या मानेला लागली. गार होती, नुकत्याच धुतलेल्या भांड्यासारखी. तिच्याच हाताची बोटं, पण आपला स्पर्श माणसाला असा परका कधी लागत नाही. जरासा पीळ बसला. ती स्वतःहून एक पाऊल उजवीकडे सरकली, हाताला फार ओढावं लागलं नाही.

मग हात खाली पडला आणि तिचा झाला.

तिने मुंगीच्या दोन वेण्या घातल्या, घट्ट, लाल फितींच्या. शेवटची गाठ मारून पोरीला मागून कवेत घेतलं, तिच्या केसांत तोंड खुपसलं, आणि बराच वेळ सोडलं नाही.

"तुझा हात बरा झाला?" मुंगीने विचारलं.

"झाला गं बाई. एकदाचा झाला."

नवरा दार उघडून आत डोकावला. त्याने तिच्याकडे पाहिलं. "मी कामावर जाते आज," ती म्हणाली. "बसून बसून कंटाळले. आणि ती खिडकीतली बाटली कुणी हलवू नका."

८

फोरमन म्हणाला, "या घारबाई, तुमच्यावाचून पन्हळ रिकामी पडली होती." ती हसली. आपल्या स्टुलावर बसली.

बाटल्या येत होत्या. हात मांडीवर पडून होता, आज्ञाधारक, जड. आज पहिल्यांदा ती नुसत्या डोळ्यांनी बघत होती आणि तिला जाणवलं की नुसत्या डोळ्यांना फार थोडं दिसतं. बाटली येते, गेलेली असते. काही ठरवेपर्यंत दुसरी येते. नवशिक्या बायका अशाच गोंधळत असतील. तिला त्यांची कीव आली.

मग एकीच्या मानेवर तिला रेघ दिसली. मानेपासून खांद्यापर्यंत, केसाएवढी. तिने हात उचलून ती काढली, पन्हळीत टाकली. पुढचीलाही होती, तिथेच. तीही काढली. त्याच्या पुढचीलाही. घारीचा हात थांबला. साचा खराब झाला तर सगळ्या बाटल्या वाकड्या निघतात, पण सगळ्या बाटल्यांना एकाच जागी तडा जात नसतो.

ती जरा वाकली. प्रत्येक बाटलीच्या फुगीर काचेवर तिचा स्वतःचा लहानसा चेहरा येत होता, लांबोडका होऊन पुढे सरकत होता. रेघ काचेत नव्हती. चेहऱ्याखाली होती. तिने मान डावीकडे कलती केली. पुढच्या बाटलीत रेघही डावीकडे कलली.

तिने मानेला हात लावून पाहिलं नाही. तेवढं तिने स्वतःला आवरलं. पट्ट्याच्या खडखडाटात, अगदी जवळून, कानाच्या आतल्या बाजूने आल्यासारखा आवाज आला. टिक्.

भीती वाटली. का नाही वाटणार? पण भीतीच्या तळाशी काहीतरी टेकलेलं होतं, हलत नव्हतं. सकाळच्या त्या फरशीवर जुळवलेली दोन पावलं तिला दिसत होती.

शेजारच्या खिडकीवर एक नवी मुलगी बसली होती. घारीने तिला हाक मारली. "ए पोरी, माझ्याही बाटल्यांवर जरा लक्ष ठेवशील? चुकलीस तरी चालेल."

"तुम्ही कुठे चाललात, ताई?"

"कुठे नाही. इथेच आहे."

तिने स्टूल पट्ट्यापासून मागे घेतलं, पडलं तर बाटल्यांवर पडू नये एवढं. पदराने कपाळ पुसलं आणि भिंतीला पाठ टेकवून, मान ताठ धरून बसली. समोर बाटल्या एकामागून एक उजेडात येत होत्या आणि जात होत्या. मुंगीचा नाच एव्हाना झाला असेल, फिती टिकल्या असतील, असं तिच्या मनात आलं. शाळा सुटायला अजून अवकाश होता.